बरण्यांत भरलेली गाडी

सोमवार, ९ फेब्रुवारी

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून कागदाचा वरचा भाग कोराच सोडला आहे. ‘प्रिय’ म्हणायचा हक्क कोर्टात सही करून दोघांनी सोडला आणि ‘आदरणीय’ लिहिलं तर तू हसशील. फोन करता आला असता, पण मग तू बोलला असतास. मेसेज केला असता तर ‘ओके’ लिहून मोकळा झाला असतास आणि मी पुढचे चार दिवस त्या ‘ओके’चा अर्थ लावत बसले असते. तेवढं त्राण आता राहिलेलं नाही.

काम बाबांचं आहे. माझं काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा तसे बरे आहेत. हात थरथरतात, उजवा जास्त. डॉक्टरांनी त्या थरथरीला नाव दिलंय, गोळ्या दिल्यात आणि आठवड्यातून एकदा व्यायामाला न्यायला सांगितलंय. मी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरते. तसं बोलून दाखवत नाही, कारण जन्मभर चष्म्याच्या दुकानात मुंगीएवढे स्क्रू बसवलेल्या माणसाला ते कसं सांगणार? दिवसभर लॅबमध्ये लोकांची रक्तं काढताना मी ‘हात सैल सोडा’ म्हणत असते. घरी आल्यावर तेच ओठांवर येतं आणि गिळून टाकते.

तर शनिवारी माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा दोन दिवस राहायला आले. तू त्याला लग्नाच्या मांडवापासून ‘ऑडिटर’ म्हणायचास. धंद्यानं तो ऑडिटर आहेच, पण आता धाकटीही त्याला त्याच नावानं हाक मारते, तुझी कृपा. दुपारी मी बाबांना व्यायामाला घेऊन गेले आणि हे दोघं घरी राहिले. आम्ही परत आलो तेव्हा ऑडिटर शेडच्या दारात उभा होता, हात पुसत, चेहरा उजळलेला. म्हणाला, “बाबा, डोळे मिटून आत या.”

शेड कशी होती ते तुला सांगायला नको, पण मी गेली दोन वर्षं तिच्याकडे बघत आले आहे, म्हणून सांगते. तू आणि बाबांनी ठेवली होती तशीच होती सगळी. निळी गाडी चार ठोकळ्यांवर उभी. तिचं इंजिन टेबलावर, जुन्या चादरीखाली. पलीकडे ती पांढरी, निळीला सुटे भाग मिळावेत म्हणून घेतलेली, दारं, काचा आणि अर्धं पोट गेलेली. आणि भिंतीवरच्या फळीवर डबे. पोपटाच्या चित्राच्या बिस्किटांच्या डब्यात ब्रेकचे बोल्ट, गुबगुबीत बाळाच्या डब्यात गिअरबॉक्स, गंजक्या चहाच्या डब्यात इंजिनाच्या झडपांखालच्या त्या पातळ चकत्या. एकाही डब्यावर चिठ्ठी नाही. चिठ्ठ्या लावा म्हटलं की बाबा म्हणायचे, “चिठ्ठी विसरभोळ्यांसाठी असते.” आणि तू मान डोलवायचास.

ऑडिटरनं सगळे डबे एका चादरीवर ओतले होते. एकेक नट, एकेक बोल्ट रॉकेलनं धुतला, पुसला, मापाप्रमाणे निवडला आणि काचेच्या नव्याकोऱ्या बरण्यांत भरला. बरण्या आणायला त्यानं शुक्रवारी अर्धी रजा टाकली होती. वर त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या. ‘बोल्ट, मोठे’. ‘बोल्ट, मध्यम’. ‘वॉशर, पातळ’. डबे भंगारवाल्याला दिले.

बाबांनी एक बरणी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, दुकानात काच तपासायचे तशी. बरणी हातात खुळखुळत होती, मग त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. म्हणाले, “छान. फार स्वच्छ झालं. माझं दुकानही कधी इतकं नीटनेटकं नव्हतं.” आणि जरा पडतो म्हणून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

धाकटी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. “ताई, काहीतरी चुकलंय ना?” मी सांगितलं, कुठला बोल्ट कुठला हे त्या डब्यांवरूनच कळायचं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. एवढंच म्हणाली, “त्याला तू नको सांगूस, मी सांगते.” कसं सांगितलं कोण जाणे. रविवारी सकाळपासून ऑडिटर त्या गाडीचं पुस्तक मांडीवर घेऊन शेडमध्ये बसून होता. एका हातात बोल्ट, दुसऱ्या हातात भिंग. दुपारी उठला आणि हातातला बोल्ट परत बरणीत टाकला, तोही बरोबर मापाच्या. मला म्हणाला, “ताई, मी लोकांचे घोळ शोधून काढतो. हा मीच घातला आणि मलाच सापडत नाहीये.” मला त्याचा राग येत नाही. राग यावा असा तो माणूसच नाही, हीच अडचण आहे.

मुद्द्याचं बोलते. ती गाडी तू खोलली आहेस. कुठला बोल्ट कुठून निघाला ते आता बाबांना सगळं आठवत नाही. तसं ते कबूल करणार नाहीत, पण मला दिसतं. तू एका शनिवारी ये. एकदाच. निवडून, लावून दे, म्हणजे पुढचं ते हळूहळू करतील, किंवा निदान करू शकू असं त्यांना वाटत राहील. मी घरी नसेन.


गुरुवार, १९ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. ‘बाबांनी बोलावलं तर येईन. त्यांनी मला येऊ नकोस सांगितलं आहे. मी ते मोडणार नाही.’ दाताचे डॉक्टर सगळे असेच लिहितात का? ठणका कुठे आहे ते विचारायचं आणि पुढे गप्प.

त्यांनी तुला फोन केला तेव्हा मी तिथेच होते. सह्या झाल्याच्या दिवशी. ते म्हणाले, “माझ्या मुलीला सोडलंस, आता या घराची पायरी चढू नकोस.” मी त्यांना तेव्हाच, फोन ठेवल्या ठेवल्या सांगितलं होतं की यानं मला सोडलेलं नाही, आमचं दोघांचं मिळून संपलंय. आपल्या दोघांत बोलायला काही उरलं नव्हतं आणि तुमच्या दोघांत संपत नव्हतं, एवढीच गोष्ट. कधीकधी वाटायचं, लग्न मी तुझ्याशी केलं आणि तू केलंस बाबांशी. पण ते ऐकायला तयार नव्हते. म्हणाले, “तू मध्ये पडू नकोस. मी तुझी बाजू घेतली आहे.”

मी ती बाजू मागितली नव्हती. पण बापानं ती घेतली आणि मग धरूनच ठेवली. त्यांना मित्र असे कितीसे होते? दुकान विकल्यावर तर एकटा तूच. तोही त्यांनी माझ्यासाठी तोडला. त्यानंतर परवा ऑडिटरनं नेईपर्यंत ते शेडमध्ये गेले नव्हते. पण दर शनिवारी सकाळी आंघोळ करून तो तेलकट डागांचा खाकी शर्ट घालतात. तो घालून पेपर वाचतात. संध्याकाळी काढून घडी करून ठेवतात. मी तो धुवायला मागितला तर देत नाहीत. दोन वर्षं हे दर शनिवारी बघणं काय असतं ते तुला कळणार नाही, आणि कळावं असंही नाही.

तर बाबा तुला बोलावणार नाहीत. तुला बोलावलं म्हणजे मला दगा दिला, असं त्यांचं गणित आहे. ते चुकलंय, पण ते त्यांचं आहे. म्हणून मीच काल त्यांना सांगितलं, “मी त्याला बोलावतेय.”

त्यांनी पेपरातून वर बघितलं नाही. मग म्हणाले, “कशाला?”

“बरण्यांसाठी.”

“तुला त्रास होईल.”

“मी घरी नसणार आहे.”

पुन्हा पेपर. मग म्हणाले, “हं. बरण्यांसाठी असेल तर येऊ दे.” आणि पान उलटलं. पेपर उलटा धरलेला नव्हता, तेवढं मी बघून घेतलं.

अठ्ठावीस तारखेला ये. सकाळी. शेडची किल्ली बाबांकडे आहे. थर्मासमध्ये चहा असेल, दुपारचं जेवण झाकून ठेवीन, बाबांचं तेवढं गरम करून दे. त्यांच्या गोळ्या टेबलावर निळ्या झाकणाच्या डबीत, जेवणानंतर दोन. मी मैत्रिणीकडे जाईन आणि अंधार पडल्यावर येईन. तोवर तू गेलेला असशील. काही आणू नकोस, फळंही नको.


रविवार, १ मार्च

काल मी मैत्रिणीकडे गेले खरी, पण तिच्या मुलाला ताप भरला होता. ती दारातच म्हणाली, “आज नको गं.” मग बाजारात हिंडले आणि दुपारी परत आले. मागच्या दारानं आत शिरले, माझ्याच घरात, चोरासारखी. तुम्हांला कळलं नाही. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते हे तू विसरलास बहुतेक. स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. ऐकायचं नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल.

सकाळचं मला बाबांनी नंतर सांगितलं. तू दारात येऊन “बाबा” म्हणालास आणि ते म्हणाले, “तो दिवा इकडे धर.” झालं. दोन वर्षांचा अबोला, त्याची एवढीच बोळवण.

मी आले तेव्हा तू चकत्या निवडत होतास. तुझ्या दवाखान्यातल्या ट्रेमध्ये ओतलेल्या, एकेक अंगठ्याखाली फिरवून, मग मापून. आणि मापलेली बाबांच्या हातात देत होतास, जागेवर ठेवायला. त्यांच्या हातून ती पडायची. तू उचलायचास आणि पुन्हा त्यांच्याच हातात द्यायचास. पुन्हा पडायची. तू घाई केली नाहीस, ‘द्या इकडे’ म्हणाला नाहीस, सुस्कारासुद्धा टाकला नाहीस. मी तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहिले, कुणासाठी इतका वेळ थांबलेला तुला कधी पाहिलं नव्हतं. माझं वाक्य पुरं होईपर्यंतही तू थांबायचा नाहीस.

मग तुम्ही चहाबरोबर बिस्किटं खाताना तुझा आवाज आला, “बाबा, डाव्या बाजूनं का चावताय?” त्यांनी काहीतरी पुटपुटलं. तू म्हणालास, “आ करा.” गाडीचा तो लांब वायरचा दिवा धरून तू त्यांचं तोंड तपासलंस, तेलकट हातांनी, आणि ओरडलास की ही दाढ दीड वर्षापूर्वी काढायला हवी होती. “दुसरा डॉक्टर नव्हता का गावात?” तर म्हणतात, “होता. पण त्याला गाडीतलं काही कळत नाही.” मी तोंडावर पदर दाबून हसले, आणि मग तसाच पदर धरून बराच वेळ रडले. हे तुला कळवायचं कारण नाही. पण कळवलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. मला तुझा संताप आलाय.

संध्याकाळी जेवताना बाबा बोलत होते. किती दिवसांनी, ते मी मोजत नाही. निळीचा कुठला पत्रा पांढरीचा घ्यायचा, रंग कुठला लावायचा, ऑडिटरनं बोल्ट धुतलेत मात्र झकास, असं सगळं. मी वाढत होते. आणि सहज, मीठ मागावं तसं म्हणाले, “तो म्हणतो, सगळं एकात एक झालंय, निवडत निवडत लावायचं तर वर्षभर तरी लागेल. दर शनिवारी आलं तर.”

दर शनिवारी. वर्षभर. तू त्यांना हे सांगून गेलास. मला विचारलंस? एकदाच ये असं मी लिहिलं होतं, ‘एकदाच’ हा शब्द लिहिला होता. तू नेहमी हेच केलंस. आधी बाबांना शब्द द्यायचा आणि मग मी घरात काय ते निस्तरायचं. आपण सहलीला जायचे ते शनिवार, माझ्या मावशीच्या घरचे शनिवार, काहीही नसलेले, नुसतं लोळायचे शनिवार, सगळे त्या शेडमध्ये गेले. आता लग्नही नाही, तरी शनिवार तुझेच?

मला आठवड्यात शनिवार-रविवार एवढीच सुट्टी असते. त्यातली निम्मी मी दर वेळी रस्त्यावर काढू का? मैत्रिणीच्या मुलाला दर शनिवारी ताप येऊ नये अशी वाट बघत बसू? माझं घर आहे हे. मी त्यातून पळून जाणार नाही आणि स्टुलावर लपूनही बसणार नाही.

शिवाय मला तुझा तो हिशेब खरा वाटत नाही. वर्षभर? मला गाडीतलं कळत नाही, पण तुझ्यातलं थोडं कळतं. खरं काय ते लिही. आणि मी कळवेपर्यंत येऊ नकोस.


रविवार, ८ मार्च

तुझं उत्तर आलं. या वेळी सात ओळी, प्रगती आहे. ‘सगळे बोल्ट आणि चकत्या नव्या विकत मिळतात. मागवल्या तर गाडी दोन महिन्यांत उभी राहील. बाबांनाही हे ठाऊक असणार, सुट्या भागांच्या दुकानाचा पत्ता त्यांनीच मला दिला होता. मी वर्ष म्हणालो. ते हो म्हणाले. यापेक्षा खरं मला लिहिता येत नाही.’

मी ते वाचून पत्र ताटाखाली सरकवलं आणि भांडी घासली. खरं तर मला आणखी संताप यायला हवा होता. दोघं मिळून मला फसवताहात, आणि बिचारा ऑडिटर तिकडे रोज धाकटीला विचारतो की बाबा काही बोलले का. त्याला मी फोन करून सांगितलं की तुझ्या बरण्यांचा फार उपयोग होतोय. खोटं नाही ते.

काल शनिवार होता. तू आला नाहीस, मी सांगितलं होतं म्हणून. ते मी बाबांना मात्र सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत शनिवार उजाडला. त्यांनी आंघोळ केली, खाकी शर्ट घातला. पेपर हातात घेतला नाही. शेड उघडली, टेबलावरची चादर काढली, ट्रे पुसला, बरण्या एका ओळीत मांडल्या. दोन स्टुलं ठेवली. त्यातल्या एकावर बसले आणि दुसऱ्याकडे बघत बसले. मी चहा नेऊन दिला, तर म्हणाले, “थांब, तो आला की घेतो.” चहावर साय आली. जेवणाच्या वेळेला स्वतःच उठले, झाकणं लावली, चादर घातली, कुलूप लावलं. किल्ली मात्र लागेना, हात फार हलत होता. मी पुढे झाले नाही. तुझ्यासारखी थांबून राहिले. लागली शेवटी.

तू का आला नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. कुणी अडवलं ते त्यांना कळलं होतं.

जेवण झाल्यावर मी ताटं उचलत होते, तेव्हा म्हणाले, “बस जरा.” मी बसले. ते टेबलाकडे बघत बोलत होते. “हे बघ. तुला नको असेल तर मी त्याला नाही म्हणतो. आत्ता फोन करतो. मला काय, गाडी म्हणजे शेवटी लोखंड. तू घरातली आहेस.” मग म्हणाले, “मागे मी त्याला नको म्हटलं, तेव्हा तुला विचारलं नव्हतं. तुझ्यासाठीच केलं, पण विचारलं नव्हतं. आता विचारतो. तो शनिवारी आला, तर तुला चालेल ना?”

माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं लग्न, सगळं बाबांनी प्रेमानंच ठरवलं किंवा होऊ दिलं, पण ‘तुला चालेल ना’ हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. विचारताना त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते, थरथर मला दिसू नये म्हणून. दया येऊन हो म्हटलेलं त्यांना नको होतं.

मी म्हटलं, “चालेल.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

त्यांनी मान हलवली आणि गोळ्या मागितल्या.

तुला खरं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला चालत नाही. तुझा आवाज त्या शेडमधून आला की हातातलं काम हातात राहतं. तू या घरात नाहीस हे अंगवळणी पाडायला मला दोन वर्षं लागली. जेवताना, झोपताना, दार वाजल्यावर, प्रत्येक गोष्ट पुन्हा शिकावी लागली. आता तू दर शनिवारी येशील, मी घरीच असेन, तू माझ्यासाठी आलेला नसशील, आणि संध्याकाळी हात धुऊन निघून जाशील. त्यानंतरचा रविवार मला दर वेळी नव्यानं काढावा लागेल. तुझ्यावर अजून प्रेम आहे का, ते मला माहीत नाही. शोधायची ताकदही नाही. दुखतं एवढं माहीत आहे.

हे बाबांना कधी कळू देऊ नकोस. चहा चांगला झालाय असं मला म्हणू नकोस. आणि गाडी लवकर पुरी करू नकोस.

मला चालत नाही. शनिवारी ये.